सांडपाण्याची वाट

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांची फाटकं बाहेरच्यांसाठी बंद झाली. धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका बाहेर अडकल्या, त्यांची कामं गेली. आत चौघा-पाचांच्या घरातलं दोन्ही वेळचं उष्टं-खरकटं सिंकमध्ये साचू लागलं. तोवर डिशवॉशर ही अमेरिकेतल्या लेकीकडे पाहून यायची वस्तू होती. खाली लागलेला कुकर, हळदीचं तेल, साय धरलेलं दुधाचं पातेलं हे त्या यंत्राच्या आवाक्यातलं नाही, अशी बहुतेकांची खात्री होती. त्या उन्हाळ्यात ती डळमळली. दुकानांतला माल संपला, पैसे भरून लोक आठवडेच्या आठवडे थांबले, आणि पुढच्या काही वर्षांत हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत हळूहळू रुळलं.

यंत्र घ्यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती भांडी किती मावतील, कढई बसेल का, वीज किती लागेल, मीठ कुठलं आणि गोळी कुठली याची. यंत्राच्या पाठीमागून तीन गोष्टी बाहेर येतात. विजेची वायर, स्वच्छ पाणी आत घेणारी नळी, आणि करड्या रंगाची, वळ्यावळ्यांची, खरकटं पाणी बाहेर सोडणारी नळी. पहिल्या दोन्हींकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण त्या जोडल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. तिसरी कशीही, कुठेही सोडली तरी यंत्र चालू होतं. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. भांडी नीट निघत नाहीत, आतून कुबट वास येतो, धुणं संपल्यावरही तळाशी पाणी उरतं, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली, अशा तक्रारी घेऊन लोक यंत्राला नावं ठेवतात तेव्हा एकदा त्या तिसऱ्या नळीच्या मागे जाऊन पाहावं. दोष पुष्कळदा तिथे सापडतो.

ही नळी कोणाची, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. कंपनीचा माणूस येतो तो खोकं उघडायला, यंत्र समतल करायला, नळाला जोडायला आणि घरातल्यांना बटणं समजावून द्यायला. भिंत फोडणं, कडप्प्याला भोक पाडणं, सिंकखालचा पाइप बदलणं त्याच्या कामात धरलेलं नसतं, आणि त्याच दिवशी त्याला आणखी घरं गाठायची असतात. प्लंबरला सिंक, फ्लश, गिझर सगळं ठाऊक असतं, पण यंत्राची पुस्तिका त्याच्या हातात कुणी देत नाही. मॉड्युलर किचनवाल्याने ट्रॉल्या बसवताना मागे नळीपुरतीही जागा सोडलेली नसते. बिल्डरने ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी एक नळ आणि एक आउटलेट दिलेलं असतं, तेवढ्यावर त्याचा संबंध संपलेला असतो. चौघेही आपापलं काम करतात आणि चौघांच्या मध्ये ती करडी नळी लोंबत राहते. शेवटी ‘पाणी जातंय ना, मग झालं’ असं म्हणून ती जिथे पोहोचेल तिथे सोडली जाते.

तिला काय काम करावं लागतं ते आधी पाहू. हे यंत्र पाणी फार वापरत नाही. काटकसरीच्या प्रोग्रॅमला आजची बरीचशी यंत्रं दहा लिटरच्या आसपास पाण्यात अख्खं धुणं उरकतात. पण ते पाणी एकदम घेऊन एकदम सोडत नाहीत. आधीचं खळबळणं, मग साबणाचं मुख्य धुणं, मग विसळणं, शेवटचं गरम विसळणं, अशा हप्त्याहप्त्यांनी तीन-चार लिटर आत येतं, फिरतं आणि बाहेर जातं. यंत्राच्या तळाशी गाळणीखाली एक खळगा असतो. सगळं पाणी तिथे जमतं आणि एक लहानसा पंप ते नळीत ढकलतो. त्या पाण्यात तेल असतं, साबण असतो, बारीक अन्नकण असतात, आणि प्रोग्रॅम कडक असेल तर ते साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेलं असतं. गाळणी मोठं खरकटं अडवते, तेल अडवत नाही. म्हणजे गरम, चिकट, गढूळ पाणी थांबून-थांबून सोडणारी ही नळी आहे. बेसिनच्या पाइपमधून वाहणाऱ्या पाण्याशी तिची तुलना करून चालत नाही.

आता तिला सोडायची सर्वांत सोपी जागा म्हणजे ड्राय बाल्कनीतल्या फरशीतला नहाणी ट्रॅप. जाळीचा एक कोपरा कापायचा, टोक आत खुपसायचं, काम दहा मिनिटांत संपतं. पाणी दिसेनासं होतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण यंत्राच्या तळातली पाण्याची पातळी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असते आणि नळीचं तोंड त्याहूनही खाली, फरशीच्या आत गेलेलं असतं. नळी सबंध जमिनीलगत लोळत असेल तर आत भरलेलं पाणी नुसत्या उतारानेच निघून जाऊ लागतं. मध्ये थोडी वर चढून पुन्हा खाली उतरत असेल तर पंपाने एकदा ती पाण्याने भरली की सायफन लागतो. पंप थांबला तरी पाणी वाहतच राहतं. नळीत परत येणारं पाणी अडवायला बऱ्याच यंत्रांत एकमार्गी झडप असते, पण ती बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. मग यंत्र नव्या धुण्यासाठी पाणी घेतं तेव्हा ते एकीकडून येतं आणि दुसरीकडून जातं. फवाऱ्याच्या पात्यांना पुरेसं पाणी मिळत नाही, साबण विरघळायच्या आत वाहून जातो, वाट्यांच्या कडेला हळद तशीच राहते. पंपाला हवा लागली की घरघर सुरू होते. घरातले म्हणतात, आपल्या जेवणाला हे यंत्र चालत नाही.

यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत याचं उत्तर एका लहानशा चित्रात असतं. नळीचं टोक जमिनीपासून अमुक उंचीच्या खाली नको आणि तमुक उंचीच्या वर नको. आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात, पण बहुतेक पुस्तिकांत ते ४० ते १०० सेंटीमीटरच्या आसपास असतात. खालची मर्यादा सायफनसाठी आहे, हे वर आलंच. वरच्या मर्यादेचं कारण पंपाची ताकद, आणि आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. पंप थांबतो तेव्हा नळीच्या चढत्या भागात उभं असलेलं घाण पाणी मागे यंत्राकडे उतरू पाहतं. नळी जितकी उंच आणि जितकी लांब, तितकं हे परतणारं पाणी जास्त. म्हणून पुढे तुकडा जोडून नळी वाढवायलाही मर्यादा घातलेली असते. सगळी मिळून ती ४ मीटरच्या आत ठेवावी असं अनेक पुस्तिका सांगतात. दिवाणखान्याच्या बाजूला यंत्र ठेवून स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत नळी ओढत नेलेली घरं आहेत. तिथे दर धुण्याच्या शेवटी आतल्या स्वच्छ भांड्यांखाली गढूळ पाणी का दिसतं, याचा उलगडा त्या लांबीत आहे.

दुसरी जागा म्हणजे सिंकखालचा पाइप. ओट्याखाली यंत्र बसत असेल तर हीच जागा चांगली. बाजारात आता असे बॉटल ट्रॅप मिळतात ज्यांना बाजूला एक तिरकं तोंड काढलेलं असतं. त्यावर नळी चढवून क्लिप आवळायची. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली अशी की ते तोंड कारखान्यातून बंदच येतं, आत पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. तो न कापता वरून नळी चढवली जाते. क्लिप घट्ट, जोड कोरडा, सगळं देखणं, पण पाणी जायला वाटच नाही. पहिल्याच धुण्यात यंत्र थांबतं आणि डिस्प्लेवर खूण दाखवतं. एलजीच्या यंत्रावर ती ‘ओई’ असते, बॉशच्या अनेक यंत्रांवर ‘ई २४’. अमेरिकेत सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र असतं, त्याच्या बाजूच्या तोंडातही असंच बूच असतं आणि तिथेही लोक ते काढायला विसरतात. आपल्याकडे असं दळणयंत्र बसवून घेणाऱ्यांनी ते बूच स्वतःच्या डोळ्यांनी निघालेलं पाहावं.

दुसरी चूक अधिक वाईट, कारण ती लगेच दिसत नाही. नळी ट्रॅपच्या आधी जोडायला हवी, ट्रॅपच्या पुढे नव्हे. ट्रॅप म्हणजे पाइपातलं ते वळण किंवा ती बाटली जिच्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. ५० मिलिमीटर पाण्याचा तो थर गटारातला वायू आणि झुरळं घरात येऊ देत नाही. घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली लंडनमध्ये संडासाचं पेटंट घेताना पाइपाला हे वळण दिलं आणि तेव्हापासून शहरातलं घर राहण्याजोगं झालं. सिंकखाली अडचण आहे म्हणून बाटलीच्या पुढच्या पाइपाला भोक पाडून तिथे नळी खुपसली, की यंत्राचं पोट आणि इमारतीची सांडपाण्याची उभी वाहिनी यांच्यात काहीच आड राहत नाही. मग यंत्राचं दार उघडलं की वास येतो. घरातले गाळणी धुतात, लिंबू ठेवतात, बाजारातून सुगंधी गोळ्या आणतात. वास जात नाही, कारण तो यंत्राचा नाहीच.

सिंकला जोडलेल्या नळीचा आणखी एक धोका आहे आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीर आहे. आपलं सिंक तुंबतं. भाताची शितं, चहाचा चोथा, थंडीत थिजलेलं तूप, यांनी पाइप आखडला की भांडी विसळलेलं पाणी सिंकमध्ये चढू लागतं. नळी जर बाटलीच्या तोंडापासून सरळ खाली जाऊन यंत्राला मिळत असेल तर ते पाणी त्याच वाटेने उलटं उतरतं आणि यंत्रात भरतं. आत धुतलेली भांडी असतात. एकमार्गी झडप असते म्हणून निश्चिंत राहू नये. तिच्यात एक दाणा अडकला तरी ती अर्धवट उघडी राहते. उपाय अगदी साधा आहे. नळी यंत्रातून निघाली की ती आधी थेट ओट्याच्या दगडाला टेकेपर्यंत वर न्यायची, तिथे क्लिपने पक्की बांधायची, आणि मग खाली सिंकच्या पाइपाकडे उतरवायची. सिंकमधलं पाणी त्या उंचीपर्यंत चढल्याखेरीज यंत्राकडे वळू शकत नाही. या कमानीला खर्च येतो तो एका क्लिपचा. तरी कितीतरी घरांत ट्रॉली ओढून पाहिलं तर नळी तळाशी वेटोळं घालून पडलेली दिसते. त्या वेटोळ्यात पाणी साठतं, त्यावर तेलाचा थर धरतो, आणि काही महिन्यांत नळी आतून अरुंद होत जाते.

मात्र नळी नुसती उंच नेली की सायफन सुटलाच, हा समज चुकीचा आहे. नळी कितीही वर नेली आणि पुन्हा जमिनीखालच्या बंद पाइपात उतरवली तर एकदा भरल्यावर ती पाणी ओढणारच. सायफन तुटतो तो हवेने. नळीचं टोक जिथे संपतं तिथे मोकळी हवा हवी. सिंकखालच्या जोडात ती सिंकच्या तोंडातून येते. बाल्कनीत ती मिळवायची तर फरशीपासून साठ-सत्तर सेंटीमीटर उंचीचा दीड-दोन इंची उभा पाइप बसवायचा, त्याच्या बुडाशी ट्रॅप असावा, आणि नळी त्याच्या उघड्या तोंडात वीतभर सैल सोडून बाहेरून बांधायची. वास येतो किंवा झुरळं येतात म्हणून त्या तोंडाला भोवताली एमसील लावून ते बंद करणारे लोक सगळा उपायच निकामी करतात. खालचा ट्रॅप नीट असेल आणि त्यात पाणी असेल तर वास यायचं कारण नाही. वास येतो याचा अर्थ ट्रॅप नाही, किंवा कोरडा आहे.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी हवेची ही अट कायद्यातच घातली आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या सिंकजवळ नळाशेजारी एक बुटकी चकचकीत टोपी दिसते. पाहुण्यांना ती साबणाची बाटली वाटते. तिच्या आत डिशवॉशरचं पाणी वर येतं, थोड्या मोकळ्या हवेतून खाली पडतं आणि दुसऱ्या, अधिक जाड नळीने निघून जातं. दोन नळ्या एकमेकींना शिवतच नाहीत, म्हणून गटाराचं पाणी उलटून यंत्रात येण्याचा रस्ताच उरत नाही. पुढे पाइप तुंबला तर पाणी टोपीतून सिंकमध्ये सांडतं, डोळ्यांना दिसतं, आणि घरातल्यांना वेळेवर कळतं. आपल्या घरांत तांब्याला तोंड न लावता वरून पाणी प्यायची जी रीत होती, तिच्यामागचा आणि या टोपीमागचा विचार एकच आहे.

हा विचार कायद्यात सहजासहजी आलेला नाही, आणि त्या इतिहासात शिकागो शहर या यंत्राच्या वाटेवर दोनदा भेटतं. इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या गावी राहणाऱ्या जोसेफीन कॉक्रेन यांनी २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. त्यांच्या आधीही लोकांनी प्रयत्न केले होते. लाकडी पिंप आणि हाताने फिरवायचा दांडा असलेल्या यंत्राचं पेटंट १८५० सालचं आहे. पण कॉक्रेनबाईंनी बशा-कपांची मापं घेऊन तारांचे कप्पे केले, भांडी जागेवर स्थिर ठेवली आणि त्यांच्यावर साबणाचं गरम पाणी जोराने सोडलं. आजचं यंत्रही हेच करतं. पती वारले तेव्हा घर कर्जात होतं, आणि पुढे या बाईंनी स्वतः हॉटेलं गाठून यंत्रं विकली. १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं तिथल्या उपाहारगृहांनी वापरली आणि त्यांना पारितोषिकही मिळालं. ज्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले ती भरली होती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने. घरांनी मात्र हे यंत्र तेव्हा घेतलं नाही. त्याला लागेल इतकं गरम पाणी घरोघरी नव्हतं.

बरोबर चाळीस वर्षांनी, १९३३ साली, शिकागोत पुन्हा मोठं प्रदर्शन भरलं. देशभरातून लोक आले, शहरातल्या हॉटेलांत उतरले आणि घरी परतल्यावर आजारी पडू लागले. अमिबाजन्य हगवण होती. ज्याने त्याने आपापल्या गावी डॉक्टर गाठल्यामुळे हे सगळे एकाच ठिकाणाहून रोग घेऊन आलेत, हे ध्यानात यायलाच वेळ लागला. तपास शेजारशेजारच्या दोन हॉटेलांपाशी जाऊन पोहोचला. जुन्या इमारती, वर्षानुवर्षं वाढवत नेलेले पाइप, आणि त्यांत कुठे कुठे पिण्याच्या पाण्याला सांडपाणी मिळालेलं. एके ठिकाणी थंड पाण्याच्या टाकीवरून गेलेला मैल्याचा पाइप गळत होता. १,४०९ रुग्णांची नोंद झाली आणि ९८ माणसं गेली. यात डिशवॉशरचा काही दोष नव्हता. पण स्वच्छ पाणी आणि सांडपाणी यांच्यामध्ये फक्त झडप किंवा फक्त विश्वास असून चालत नाही, हे त्या घटनेनंतर प्लंबिंगचे नियम लिहिणाऱ्यांच्या मनात पक्कं झालं.

अलीकडचं उदाहरण हाँगकाँगचं आहे. २००३ च्या मार्चमध्ये तिथल्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची तीनशेहून अधिक माणसांना लागण झाली. तपासात आढळलं की न्हाणीघरांतल्या फरशीचे ट्रॅप पाण्याअभावी कोरडे पडले होते, आणि पंखे लावून हवा बाहेर ओढली जाई तेव्हा सांडपाण्याच्या उभ्या पाइपातली दूषित हवा घरात शिरत असे. न्हाणीघराच्या फरशीवर पाणी ओतायची सवय मोडली होती, एवढंच निमित्त. आपल्या ड्राय बाल्कनीतले ट्रॅपही असेच कोरडे पडतात. तिथे रोज पाणी जात नसेल तर आठवड्यातून एकदा तांब्याभर ओतावं.

ड्राय बाल्कनीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. तिथल्या किंवा गच्चीतल्या फरशीतलं प्रत्येक भोक सांडपाण्याच्या पाइपालाच जातं असं नाही. अनेक इमारतींत बाल्कन्यांचे आउटलेट पावसाच्या पाइपाला जोडलेले असतात. ते पाणी मैलापाणी शुद्धीकरणाकडे जात नाही. पावसाळी गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळतं. पुण्यात असेल तर मुळा-मुठेला. डिशवॉशरची नळी तिथे सोडली की तेल, साबण आणि यंत्रातलं मीठ असलेलं पाणी बारा महिने नदीत जातं. नळी सोडण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात इमारतीचा ड्रेनेजचा नकाशा मागावा. तो नसेल तर बादलीभर रंगीत पाणी ओतून खाली कुठल्या चेंबरमध्ये दिसतं ते पाहावं. होळीचा थोडा रंग पुरतो.

आता चांगलं काम कसं असतं ते. सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत एका अनुभवी प्लंबरचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. सिंकशेजारची ट्रॉली काढून तिथे यंत्र बसवायचं होतं. मध्ये कडप्प्याची उभी फळी. ट्रॉली करून देणाऱ्याचं म्हणणं होतं की भोक तळाशी पाडा, म्हणजे दिसणार नाही. प्लंबरने ऐकलं नाही. ओट्याच्या दगडाखाली दोन इंचांवर खूण केली. नळी आपोआप वरूनच जाईल, पुन्हा कुणी ओढून खाली पाडणार नाही, हे त्याचं कारण. ड्रिलला कोअर कटर लावला, पाण्याच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून तिची धार त्यावर धरली, आणि भोक पडल्यावर त्याच्या कडेवरून कानस फिरवली. तरीही समाधान झालं नाही म्हणून पाइपाचा एक तुकडा उभा चिरून भोकात बसवला. डिशवॉशर चालताना हलतं, वर्षभर दगडाच्या कडेला घासून नळी चिरते, असं त्याने सांगितलं. मग बॉटल ट्रॅपच्या तोंडातला पडदा हॅकसॉच्या पात्याने कापला, कापलेल्या कडेचे कंगोरे चाकूने साफ केले, कारण त्यांच्यात शितं अडकतात. नळी चढवून स्टीलची क्लिप पेचकसाने आवळली. यंत्र आत सरकवताना त्याने मागे हात घालून नळी कुठे मुडपत नाही ना ते चाचपलं. यंत्र दोन बोटं बाहेर राहिलं तरी चालेल, पण नळी चेपायला नको, यावर तो ठाम होता.

त्यानंतर त्याने जे केलं ते कंपनीच्या माणसांनीही करावं असं आहे. थंड पाण्याचा छोटा प्रोग्रॅम न लावता सर्वांत गरम आणि सर्वांत लांब प्रोग्रॅम लावला. थंड पाण्यात कोरडा राहिलेला जोड गरम पाण्याने प्लास्टिक सैल झालं की ठिबकू लागतो. जोडाखाली वर्तमानपत्र पसरलं. एक थेंब पडला तरी कागदावर डाग दिसतो. पाणी बाहेर पडायच्या वेळी नळीवर हात ठेवून धक्का जाणवतो का ते पाहिलं. धुणं संपल्यावर यंत्राचं दार उघडलं आणि घरातल्या बाईंना म्हणाला, “काकू, आता सिंकला बूच लावा आणि काठोकाठ भरा.” सिंक भरलं. बूच काढलं. सगळं पाणी एकदम खाली धावलं आणि आम्ही तिघं यंत्राच्या तळाकडे बघत राहिलो. खळगा होता तसाच राहिला. उलटं पाणी आलं नाही.

ही शेवटची चाचणी प्रत्येक घराने करावी. तिला हत्यार लागत नाही, माहितगार माणूस लागत नाही. यंत्र जुनं असेल तरी आजच करता येते. पाणी आत दिसलं तर नळी वर बांधून घ्यायची आणि पुन्हा पाहायचं. आणखी एक दक्षता अशी की वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर या दोघांच्या नळ्या एकाच वाय जोडातून एका पाइपात घालू नयेत. वॉशिंग मशीनचा पंप चालू झाला की कपड्यांचं पाणी डिशवॉशरच्या नळीत शिरायला मोकळं होतं. उभा पाइप पुरेसा जाड घ्यावा आणि दोन्ही नळ्या त्यात वेगवेगळ्या, सैल सोडाव्यात.

बिल्डरांनी आणि आर्किटेक्टांनी याचा विचार करायची वेळ कधीच आली आहे. नव्या फ्लॅटच्या नकाशात एसीच्या पाण्यासाठी पाइप असतो, वॉटर प्युरिफायरसाठी नळ असतो. सिंकशेजारी एक उभा पाइप, त्याच्या बुडाशी ट्रॅप, एक अँगल कॉक आणि एक प्लग ठेवणं भिंती उभ्या होत असताना अगदी थोडक्यात होतं. नंतर टाइल्स फोडून करायला गेलं की खर्चही वाढतो आणि वॉटरप्रूफिंगही बिघडतं. फ्लॅटचं बुकिंग करताना स्वयंपाकघराच्या टाइल्सचा रंग निवडायला जितका वेळ देतो, त्यातली पाच मिनिटं या पाइपासाठी काढून तो नकाशात लिहून घ्यावा.

आणि यंत्र आधीच दारात येऊन उभं असेल तर एवढं करा. कंपनीचा माणूस येणार त्याच दिवशी आपला प्लंबर बोलावून ठेवा, दोघांना एकाच वेळी यंत्रामागे उभं करा आणि नळीचं टोक कुठे संपतं, किती उंचीवर संपतं आणि ते पाणी पुढे कुठे जातं, हे त्यांच्याकडून दाखवून घ्या. काम झालं की कंपनीचा माणूस मोबाइलवर आलेला ओटीपी मागेल. सिंक काठोकाठ भरून, बूच काढून, यंत्राचा तळ कोरडा राहिलेला पाहिल्याशिवाय तो सांगू नका.